कपडेपट वगळून

१

सोमवारी सकाळी नाटकघराच्या मागच्या दाराशी पोचले, तर कपडेपटातल्या अकराही जणी पायऱ्यांवर बसलेल्या. ती त्यांची इस्त्र्या तापवायची वेळ. कालच्या प्रयोगाचे घामट कपडे आत तसेच पडले होते आणि या बाहेर हात मांडीवर ठेवून गप्प होत्या. मला बघून मावशीनं मान फिरवली. मावशी म्हणजे कपडेपटाची मुख्य. माझ्या लग्नातला ब्लाउजसुद्धा तिनंच बेतला होता.

"मावशी, काय झालं?"

"तुझ्या भावाला विचार. आम्हाला विकून आला तो."

आता त्या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली. ते नाटकघर राहिलेलं नाही, त्यातली बरीचशी माणसंही नाहीत. पण त्या पायऱ्या, त्यांवरच्या अकरा जणी आणि मावशीची पाठमोरी वेणी मला आजही लख्ख दिसते. माझं कामच लक्षात ठेवण्याचं होतं. मी तिथली प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर घ्यायची आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्यापुरता सोडायचा. प्रेक्षकाला कळलं, तर आपण चुकलो.

भांडण सहा आठवड्यांचं होतं. पडदेवाले, दिवेवाले, सुतार, कपडेपट, दाराशी तिकिटं फाडणारे, आम्ही सगळे मिळून चौऱ्याऐंशी माणसं वर्षानुवर्षं रोजंदारीवर होतो. मागणी एकच होती, सगळ्यांना कायम करा. नाही केलं तर मंगळवारपासून पडदा उघडणार नाही. मालक म्हणत होता, मग मी इमारतच गोदामाला देतो. आमच्या बाजूनं बोलणारा पुढारी होता माझा थोरला भाऊ, दादा. तो मुख्य पडद्याच्या दोरावर असायचा. रविवारी दुपारच्या प्रयोगात करारावर त्याची सही झाली. त्या रात्री चौऱ्याऐंशी घरांत माणसं नीट झोपली असतील.

सकाळी फळ्यावर कराराची टाइप केलेली प्रत लागली. नववं, म्हणजे शेवटचं कलम असं होतं: सर्व विभागांतील कामगारांना, कपडेपट वगळून, कायम करण्यात येईल.

"हे दोन शब्द नव्हते गं," मी तशीच त्याच्या घरी गेले तेव्हा दादा म्हणाला. फळ्यावर कागद लागताच कुणीतरी त्याला निरोप दिला होता. तेव्हापासून तो पायांत चपला घालून खुर्चीवर बसून होता, कुठेही न जाता. "मी दोनदा वाचला कागद. नव्हते."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते नव्हते म्हणतात म्हणजे नव्हतेच."

बायकोचा विश्वास सभेत चालत नाही. पाच वाजता नाटकघरात सगळ्यांची सभा होती, आणि तिथे दादाला गद्दार ठरवून काढून टाकायचं, एवढाच विषय होता.

२

मॅनेजरनं मला मूळ कागद दाखवला. माणूस वाईट नव्हता. मालकाचं ऐकायचा आणि आमच्याशी सभ्यपणे बोलायचा, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

"बघा बाई. खिडकीशी नेऊन बघा. पण हात माझ्या नजरेसमोर राहू द्या."

कागद काळ्या टाइपात होता. नवव्या कलमात 'कामगारांना' या शब्दापुढे निळ्या पेन्सिलीनं दोन तिरप्या रेघा मारून वर लिहिलेलं होतं, 'कपडेपट वगळून'. अक्षर मुद्दाम छापील वळणाचं, कुणाचंही असू शकेल असं. खाली दादाची काळ्या शाईतली सही.

मला वाटलं, सोपं आहे. सही झाल्यावर कुणीतरी शब्द घुसडले. मी आनंदानं कागद उजेडात तिरपा धरला.

दादाची सही आमच्या घरात चेष्टेचा विषय होती. आमच्या आडनावाची शेवटची वेलांटी तो इतकी उंच न्यायचा, की वरच्या ओळीला भोसकून ती पलीकडे निघायची. इथेही ती नवव्या कलमातून वर गेली होती आणि पेन्सिलीच्या 'वगळून'मधल्या 'ळू'ला छेदत होती. तिथे, नेमकी तिथेच, ती तुटली होती. ती पेन्सिल मेणचट, तिच्यावर शाई धरत नाही. शाई दोन्ही बाजूंना होती आणि मधे निळं तसंच उघडं.

म्हणजे निळं आधी आणि सही नंतर. दादानं सही केली तेव्हा शब्द तिथे होते.

मी भावाला सोडवायला गेले होते आणि त्याच्या विरुद्धचा पुरावा माझ्याच हाती लागला. मॅनेजर माझ्याकडे बघत होता.

"मलाही दिसलं ते," तो हळू म्हणाला. "सभेत मी आपणहून बोलणार नाही. विचारलं तर मात्र खोटं सांगणार नाही."

"हे लिहिलं कुणी?"

"तुमच्याच बाजूनं लिहून आलं. रविवारी दुपारी टाइप केलेला कागद न्यायला तुमचे दोघे आले होते, दिवेवाला आणि घंटेवरचे मास्तर. मी दोघांना सांगितलं, मालक म्हणतात कपडे हल्ली बाहेरून धुवून-शिवून मिळतात. तेवढा विभाग वगळा, लगेच सही करतो, नाहीतर गोदामाचा माणूस उद्या येतोय. तुमच्या पुढाऱ्याला विचारा आणि कबूल असेल तर तसं लिहून, त्याची सही घेऊन कागद परत पाठवा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी कागद आला. शब्द होते, सही होती. मग मालकांनी केली."

"कागद आणला कुणी?"

"मास्तरांनी. पण त्याआधी तो दोघांच्याही हातात होता."

३

दिवेवाला शिडीवर बसून एका दिव्याची काच पुसत होता. सहा आठवड्यांपूर्वी पुढारी कोण, यावर त्याची आणि दादाची जुंपली होती. दादा सात मतांनी निवडून आला, तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

"या ताई. भावासाठी चौकशी का?"

"कागद तुझ्याकडे होता?"

"दुसऱ्या घंटेपर्यंत. मग वर चढायचं होतं मला. मास्तर म्हणाले, दे इकडे, कपडेपटाचं दादाशी मी बोलतो. बरं झालं म्हटलं, मला त्याचं तोंड बघायला नको."

"तेव्हा त्यावर पेन्सिलीचं काही होतं?"

"खिशात घडी होती. उघडून कोण बघतंय?" त्यानं काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा पुसलं. "बोलले असतील मास्तर. दादानं ऐकलं असेल, घाबरला असेल, केली असेल सही. माणूसच आहे. आता लाज वाटते म्हणून नाही म्हणतोय."

"तुला बरंच वाटत असेल."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "ताई, माझी बहीण आहे त्या अकरांत. मला बरं वाटेल?"

हे मी विसरले होते. माझ्यासारखीनं विसरावं, याचं मला वाईट वाटलं. पण मनात एक कोपरा म्हणाला, बहिणीला हा दुसरीकडे चिकटवू शकतो. आणि दादा गेला की पुढारी हाच.

"सही कुठे झाली माहीत आहे?" मी विचारलं.

"ऑफिसात झाली असेल. मी वर होतो."

ऑफिसात झाली नव्हती. सही झाली होती माझ्या स्टुलाशी, माझ्या डोळ्यांदेखत. दुसरा अंक चालू होता. दादाला पडद्याच्या कामातून जेमतेम पाच मिनिटं मोकळी होती. मास्तर कागद घेऊन आले आणि कुजबुजले, "मालक निघालेत. अंक संपायच्या आत सही हवी, नाहीतर राहिलं." दादानं माझ्या दिव्याखाली कागद धरला आणि ओठ हलवत दोनदा वाचला. मीही त्याच्या खांद्यावरून पाहिलं, पण नायिकेचं मोठं भाषण चालू होतं आणि माझं एक बोट वहीतल्या ओळीवर होतं. मला एवढंच आठवत होतं, की कागद स्वच्छ होता.

पण शाई तर वेगळंच सांगत होती. आणि बहिणीची साक्ष धरणार कोण?

४

दुपारी मी विंगेत जाऊन बसले. दुसरीकडे मला विचार सुचत नसे. नाटकघर दिवसाही आतून काळोखं असतं. मी माझा छोटा दिवा लावला. त्याला गडद निळा कागद गुंडाळलेला असे, उजेड प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून. हाताला चाळा म्हणून पेन्सिल घेतली.

मला पेन्सिली मिळायच्या त्या लाल-निळ्या, एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला निळी अशा. नवी पेन्सिल आली की पहिलं काम निळं टोक कापून टाकायचं. हे मला शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे माझ्या आधीचे प्रॉम्प्टर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या स्टुलावर काढली. घशाचं दुखणं झालं, आवाज गेला, तेव्हा स्टूल मला दिलं आणि ते घंटा वाजवायच्या कामावर आले. पहिल्याच दिवशी मी निळ्या टोकानं खूण केली, तर त्यांनी माझ्या हातून पेन्सिल काढून घेतली होती. का, ते मी विचारलं नाही. त्या वयात शिस्त म्हणजे शिस्त. कापलेली निळी टोकं मी एका डबीत टाकायचे. फेकवत नसत. डबी स्टुलाखालीच असायची, कुणीही हात घालावा अशी.

मी डबीतून एक टोक काढलं. वहीत जुन्या नाटकाचं एक कोऱ्या समासाचं पान होतं. त्यावर नववं कलम लाल पेन्सिलीनं लिहिलं. निळ्या दिव्यात ते काळंभोर उमटलं. मग निळ्या टोकानं वर लिहिलं, 'कपडेपट वगळून'.

मी लिहिलं, आणि काहीच लिहिलं गेलं नाही.

पुन्हा गिरवलं. बोटाला टोक घासल्याचं कळत होतं, कागद मात्र कोरा. निळ्या उजेडात सगळा कागदच निळा, मग त्यात निळी रेघ दिसणार कशी? म्हणून मास्तर निळी टोकं कापायला लावत.

दादा खोटं बोलत नव्हता, आणि शाईही नाही. शब्द कागदावर होते आणि त्याला दिसले नव्हते.

मी वही घेऊन मागच्या दाराशी धावले. तिथे ऊन होतं. माझे दोन शब्द आता ठळक निळे दिसत होते. मी ते वाचले, आणि शेजारची खूणही.

माझ्या हातानं, मला न विचारता, 'कामगारांना'पुढे दोन तिरप्या रेघा मारल्या होत्या. अगदी त्या कागदावर होत्या तशा.

राहिलेला शब्द घालायचा तर सगळं जग ओळीखाली हंसपद काढतं, उलट्या व्हीसारखी छोटी खूण. आमच्या वहीत मात्र हंसपद म्हणजे नटाचा श्वास. तिथे तो थांबणार, तिथे शब्द सोडायचा नाही. म्हणून शब्द घालायला आम्ही दोन तिरप्या रेघा मारायचो. ही मास्तरांची युक्ती. सकाळी खिडकीशी त्या रेघा मी स्पष्ट पाहिल्या होत्या आणि मला त्या खटकल्याच नाहीत, कारण त्या मला माझ्याच हातच्या वाटल्या.

अख्ख्या नाटकघरात ही खूण दोनच माणसं करत होती. त्यातली एक मी.

५

मास्तर घंटेखाली बसून फडक्यानं पितळ पुसत होते. आज प्रयोग नव्हता. तरी पुसत होते.

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि वही मिटून मला परत दिली.

"खूण बदलायला हवी होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज म्हणजे नुसता वारा. जवळ वाकल्याशिवाय ऐकू येत नसे. "इतक्या वर्षांचा हात. ऐकत नाही."

"मास्तर, दादाला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मंगळवारी पडदा बंद आणि बुधवारी इथे पोती. तुझा दादा सरळ माणूस आहे, पोरी. त्याला वाकवता येत नाही. अंधारात ठेवता येतं."

"आणि त्या अकरा जणी?"

"बाकीचे त्र्याहत्तर." त्यांनी घंटेवरचा एक डाग नखानं खरवडला. "मी हिशेब केला असं समजू नकोस. मला फक्त ही वाजायला हवी होती. ही वाजायची थांबली तर मी कुठे जाऊ? घरी कोण आहे माझं?"

"दादाचं नाव गेलं ते?"

"लोक विसरतात. दोन महिन्यांत."

"मी विसरत नाही. तुम्हीच तसं शिकवलंत."

ते हसल्यासारखे झाले. "सांगणार आहेस सभेत?"

ज्यांनी मला हातात पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं, ते माझ्यासमोर बसले होते, आणि घरी दादा चपला घालून. साडेचार वाजले होते.

६

सभेला सगळे आले. दादा रंगमंचाच्या मधे उभा राहिला, त्याला कुणी बसायला सांगितलं नाही. मॅनेजर कागद घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. मास्तर शेवटच्या रांगेत, एकटे.

दिवेवाल्यानं विचारलं, "शब्द सहीच्या आधी होते की नंतर?"

"आधी," मॅनेजर म्हणाला. त्यानं शाईचं दाखवलं. कागद हातोहात फिरला. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

मी उठले. "मला एक करून दाखवायचंय. मावशी, तू ये. तू आज माझ्या भावाची बाजू घेणार नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे."

"ते खरं," मावशी म्हणाली, पण आली.

मी विंगेतलं माझं स्टूल दिव्यासकट पुढे ओढलं आणि तिला त्यावर बसवलं, सगळ्यांना दिसेल अशी. दिवेवाल्याला म्हटलं, बाकीचे सगळे दिवे घालव. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. दिव्यांच्या माणसाला फार सांगावं लागत नाही. दिवे गेले. माझा एकच निळा राहिला.

"मावशी, नववं कलम वाच. मोठ्यानं."

मावशीनं कागद नाकाशी नेला. "सर्व विभागांतील कामगारांना कायम करण्यात येईल."

"पुन्हा वाच."

"सर्व विभागांतील कामगारांना कायम..." ती थांबली. "आमचं कुठे गेलं?"

"दिवे लाव," मी म्हटलं.

दिवे आले. मावशीनं कागदाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, परत कागदाकडे. मग ती उठली, दादाजवळ गेली, आणि त्याच्या सदऱ्याची तिरपी लागलेली गुंडी काढून नीट लावली. तिची माफी मागायची ती रीत होती.

पण सभा संपली नाही. कुणीतरी म्हणालं, "मग लिहिलं कुणी? निळ्या दिव्याची अक्कल कुणाला?" आणि माना हळूहळू दिवेवाल्याकडे वळल्या. कागद त्याच्याकडे होता, दादाशी त्याचं वाकडं होतं. "माझी बहीण आहे त्यांत," तो म्हणाला, पण ते कुणाला पुरेसं वाटेना.

मी उभी होते. मला शब्द माहीत होता आणि तो तोंडातून निघत नव्हता. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द सोडले, कधी अडले नव्हते. त्या दिवशी चौऱ्याऐंशी माणसांपुढे मी अडले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून तो वाऱ्यासारखा आवाज आला. एवढ्या मोठ्या नाटकघरात तो पोचला कसा, कोण जाणे. कदाचित फक्त मलाच ऐकू आला असेल. तो आवाज तेवढ्याचसाठी तयार झालेला होता.

"मास्तर," त्या आवाजानं मला शब्द दिला.

आणि मी तो मोठ्यानं म्हटला.

७

मंगळवारी पडदा उघडला नाही. एकाही विभागाला वगळायचं नाही असं सभेनं ठरवलं, मालकानं करार फाडला, आणि नाटकघर साडेचार महिने बंद राहिलं. काही जण कंटाळून दुसऱ्या कामाला गेले, ते परत आलेच नाहीत. दिवेवाला आणि दादा रोज दाराशी एकाच बाकावर बसायचे. गोदामाचं गिऱ्हाईक शेवटी फिरकलं नाही. करार झाला तेव्हा त्यात नवव्या कलमात कुणीही वगळलेलं नव्हतं, पण चौऱ्याऐंशीपैकी एकसष्टच उरलो होतो. मास्तरांचा हिशेब बरोबर होता की चूक, यावर मी पुष्कळ वर्षं मनाशी भांडले.

दादा त्यानंतर आयुष्यभर कुठलाही कागद अंगणात उन्हात नेऊन वाचायचा. नातवंडांची शाळेची प्रगतिपुस्तकंसुद्धा. पोरं हसायची. मी हसत नसे.

मास्तर त्या सभेनंतर नाटकघराकडे आले नाहीत. पुढे आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेले. वारासुद्धा उरला नव्हता आता. उशाशी पाटी होती, काही हवं असलं की त्यावर लिहीत. मी म्हटलं, "मास्तर, घंटा वाजते अजून. मावशीच्या हाताखाली दोन नव्या पोरी आल्यात."

त्यांनी पाटी ओढून घेतली आणि खडूनं दोन तिरप्या रेघा मारल्या. मी वाट बघत राहिले. त्यांनी खडू खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

रेघांच्या वर जागा तशीच कोरी होती. तिथे कुठला शब्द घालायचा राहिला होता, ते मला अजून कळलेलं नाही.